मृगपालन, पीकरक्षण आणि कुंपणाचा कायदा : खानदेशाच्या संदर्भात एक विवेचन

शेताच्या कुंपणाचा प्रश्न वरकरणी खर्चाचा आणि कारागिरीचा वाटतो. वस्तुतः तो त्याआधी स्वामित्वाचा प्रश्न आहे. कुंपण कोणी घालावे, ते किती उंच असावे, आणि ते ओलांडून आलेल्या जनावराने नुकसान केल्यास भरपाई कोणी द्यावी, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ‘हे जनावर कोणाचे?’ या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात. गाय, म्हैस, शेळी यांच्या बाबतीत हे उत्तर सोपे आहे. हरणाच्या बाबतीत मात्र निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरे दिली असून भारताने दिलेले उत्तर इतरांहून फार वेगळे आहे. त्या उत्तराचा परिणाम तापी खोऱ्यातील केळी, कापूस, मका व हरभरा पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत कसा पोहोचतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. पाळीव हरणाचे कुंपण : अन्य देशांतील व्यवस्था

ज्या देशांत हरणे मांसासाठी, कातड्यासाठी वा शिंगांसाठी पाळली जातात, तेथे कायदा हरणाला पशुधनाच्या वर्गात बसवितो. इंग्लंडचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथील १९७१ च्या प्राणीविषयक अधिनियमात ‘पशुधन’ या संज्ञेची व्याख्या करताना गुरे, घोडे, मेंढ्या, डुकरे, शेळ्या व कोंबड्या यांच्याबरोबर ‘वन्य अवस्थेत नसलेले हरीण’ असाही स्पष्ट उल्लेख आहे. एकदा हरीण पशुधन ठरले की पुढचे सर्व ओघानेच येते. ते दुसऱ्याच्या जमिनीत शिरून नुकसान करील तर त्याची जबाबदारी पाळणाऱ्यावर पडते, आणि म्हणून कुंपण भक्कम ठेवणे ही त्याची स्वतःची गरज बनते.

न्यूझीलंडमधील इतिहास याहून उद्बोधक आहे. त्या बेटांवर वटवाघळांखेरीज मूळचा भूचर सस्तन प्राणी नव्हता. एकोणिसाव्या शतकात युरोपीय वसाहतकारांनी शिकारीच्या हौसेसाठी तेथे हरणे आणून सोडली. नैसर्गिक शत्रू नसल्याने ती बेसुमार वाढली, डोंगरउतारांवरील झाडोरा खाऊन त्यांनी जमिनीची धूप वाढविली, आणि १९३० नंतर शासनाला पगारी शिकारी नेमून त्यांची संख्या घटवावी लागली. १९६९ साली कायद्याने हरणे बंदिस्त जागेत पाळण्यास मुभा दिली व उपद्रवी ठरलेला प्राणी शेतीचा प्राणी झाला. तेथे मृगक्षेत्राचे कुंपण सामान्यतः सुमारे २ मीटर उंच, ताणलेल्या तारांच्या जाळीचे असते. मेंढ्यांच्या कुंपणाच्या जवळजवळ दुप्पट असलेल्या या उंचीचे कारण हरणाच्या उडीत आहे.

या दोन्ही उदाहरणांत एक सूत्र समान आहे. हरणाला मालक आहे, म्हणून कुंपणाला कर्ता आहे. कुंपण आतून बाहेर जाणाऱ्या प्राण्याला अडविण्यासाठी आहे आणि ते घालण्याचे ओझे प्राण्यापासून लाभ मिळविणाऱ्यावर आहे.

२. भारतीय कायद्यात हरणाचे स्थान

भारतात गुरांच्या अतिक्रमणासंबंधीचा मूलभूत कायदा १८७१ सालचा आहे. त्याच्या ३ ऱ्या कलमात ‘गुरे’ या संज्ञेत हत्ती, उंट, म्हशी, घोडे, तट्टे, खेचरे, गाढवे, डुकरे, मेंढ्या, शेळ्या व त्यांची पिले यांचा समावेश केला आहे. या यादीत हत्ती आहे, उंट आहे, हरीण नाही. यादी सर्वसमावेशक नसली तरी तिचा रोख माणसाळलेल्या आणि धनी असलेल्या जनावरांकडे आहे, हे उघड आहे. त्या अधिनियमाच्या १० व्या कलमाने शेत कसणाऱ्यास एक महत्त्वाचा अधिकार दिला : पिकात शिरून नुकसान करणारे जनावर धरावे आणि २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवावे. धन्याने दंड व खावटी भरून ते सोडवून न्यावे. ७ दिवसांत कोणी न आल्यास पोलिसांकडे वर्दी जाऊन, जाहीर सूचनेनंतर, जनावराचा लिलाव व्हावा. पुढे १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतींच्या हद्दीतील कोंडवाड्यांची व्यवस्था पंचायतींकडे आली. खानदेशातील प्रत्येक मोठ्या गावाला परिचित असलेला कोंडवाडा हा अशा रीतीने कायद्याच्या एका तत्त्वाचे दगडामातीचे रूप आहे. ते तत्त्व असे की, जनावर ज्याचे, जबाबदारी त्याची.

हरणाच्या बाबतीत हे तत्त्व लागू पडत नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने चितळ, सांबर व भेकर हे मृगकुलातील प्राणी, तसेच काळवीट, चिंकारा व रोही अर्थात नीलगाय हे प्राणी अनुसूचीत घातले. (शेवटचे तीन प्राणी लोकव्यवहारात हरणांतच गणले जात असले तरी प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ते गोकुलातील आहेत. मृगकुलातील नरांची शिंगे भरीव, शाखायुक्त असून दरवर्षी गळून पडतात. गोकुलातील शिंगे पोकळ व कायमची असतात.) अधिनियमाच्या ९ व्या कलमाने अनुसूचित प्राण्यांच्या शिकारीस बंदी केली असून ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत मारणे, विष घालणे, पकडणे, फासे वा सापळे लावणे व हाका घालणे या सर्वांचा, तसेच त्यांच्या प्रयत्नाचाही समावेश आहे. म्हणजे पाळण्यासाठी जंगलातून एक पाडस पकडून आणणे हीदेखील कायद्याच्या भाषेत शिकारच होय.

एखादा असा युक्तिवाद करील की, पकडणे निषिद्ध असले तरी बंदिवासात जन्मलेल्या हरणावर तरी पाळणाऱ्याचा हक्क का नसावा? ३९ व्या कलमाने ही वाटही बंद केली आहे. बंदिवासात ठेवलेला वा बंदिवासात पैदास झालेला, कायद्याविरुद्ध शिकार केलेला, मृतावस्थेत आढळलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी ही राज्यशासनाची मालमत्ता आहे, असे ते कलम सांगते. अशी मालमत्ता कोणत्याही रीतीने हाती आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास वा अधिकृत अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. शेतात सापडलेले आईवेगळे पाडस दयाबुद्धीने घरी नेऊन वाढविणाऱ्यासही हा नियम लागू आहे. विदेशी जातीची हरणे आणून पाळावी, तर जिवंत पशूंच्या आयातीवर १८९८ पासून केंद्रीय कायद्याचे नियंत्रण आहे. तात्पर्य, भारतात व्यापारी मृगपालनासाठी कुंपणाचा नियम नाही, याचे कारण तसे पालनच कायद्याला मान्य नाही.

३. मृगोद्यानाचा अपवाद

हरणे बंदिस्त ठेवण्याचा एकच रीतसर मार्ग कायद्याने मोकळा ठेवला आहे, तो प्राणिसंग्रहालयाचा. १९९१ च्या दुरुस्तीने मूळ अधिनियमात प्राणिसंग्रहालयांविषयीचे स्वतंत्र प्रकरण आले, १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले, आणि ३८-एच या कलमान्वये प्राधिकरणाच्या मान्यतेवाचून कोणतेही प्राणिसंग्रहालय चालविण्यास मनाई झाली. नगरपालिकेच्या बागेतील चार चितळांचा कळपही या मनाईच्या कक्षेत येतो.

मृगकुंपणासंबंधी भारतीय कायद्यात जे थोडे प्रत्यक्ष वचन सापडते ते याच ठिकाणी. १९९२ च्या मान्यता-नियमांत प्राणिसंग्रहालयाभोवती किमान २ मीटर उंचीची भिंत आवश्यक ठरविली होती. त्या वेळी अस्तित्वात असलेल्या सफारी व मृगोद्यानांना मात्र भिंतीऐवजी योग्य आकारमानाचे साखळी-जाळीचे कुंपण चालेल, अशी सवलत होती. २००९ साली या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या कुंपणाचा हेतू शेजारच्या शेताचे रक्षण हा प्रधान नाही. कुत्री, माणसे व बाहेरचे प्राणी यांपासून हरणाचे रक्षण व्हावे आणि बंदिवासातील प्राणी बाहेरच्या कळपात मिसळू नयेत, हा त्यामागील विचार आहे.

४. खानदेशातील प्रश्नाचे स्वरूप

जळगाव व धुळे हे जिल्हे म्हणजे १९०६ साली विभागल्या गेलेल्या जुन्या खानदेशाचे अनुक्रमे पूर्व व पश्चिम भाग. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, अशी या प्रदेशाची ठेवण आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जिल्ह्यात सुमारे १७७ चौरस किलोमीटरचे यावल अभयारण्य (१९६९), धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात सुमारे ८३ चौरस किलोमीटरचे अनेर धरण अभयारण्य (१९८६), आणि दक्षिणेस चाळीसगावच्या बाजूला गौताळा-औट्रमघाट अभयारण्य (१९८६) आहे. या राखीव वनांच्या आणि रावेर-यावलच्या बागायती पट्ट्याच्या दरम्यान पुष्कळ ठिकाणी एखाद्या नाल्याचे वा गाडीवाटेचेच अंतर असते.

वनातील चितळ व सांबर रात्री कडेच्या शेतांत उतरतात. रोही व रानडुक्कर यांना दाट वनाची गरज नसते. नाल्यांची झुडपे, पडीक गायराने व नदीकाठची खोरवड यांच्या आधाराने ती वनापासून दूरच्या शेतांतही टिकून राहतात. रोही हरभऱ्याचे कोवळे शेंडे, मूग व मका खाते आणि खाण्याहून अधिक तुडविते. रानडुक्कर भुईमूग उकरते, मक्याची ताटे आडवी करते व केळीच्या बुंध्याशी जमीन खणते. काळवीट व चिंकारा माळावर कळपाने वा जोडीने वावरतात आणि उगवत्या पिकावर येतात. एका रात्रीत हंगामाची मेहनत जाणे, हा कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने उपजीविकेचाच प्रश्न आहे.

याच सीमेवर कायद्याचा एकतर्फीपणा डोळ्यांत भरतो. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या ७० व्या कलमाने असे ठरविले की, राखीव वनात शिरलेली गुरे ही सार्वजनिक लागवडीचे नुकसान करणारी गुरे समजावी आणि १८७१ च्या कायद्यानुसार ती कोंडवाड्यात घालता यावी. म्हणजे शेतकऱ्याचा बैल सीमा ओलांडून वनात गेला तर कोंडवाडा आहे. वनातील सांबर तीच सीमा ओलांडून शेतात आले तर कोंडवाडा नाही, धनी नाही आणि दंडही नाही. मोकळ्या रानात हिंडणाऱ्या जिवंत हरणाचा ३९ व्या कलमाच्या शब्दांत उल्लेख नाही. ते पकडले, बंदिवासात ठेवले वा मेलेले आढळले की शासनाचे होते. त्यामुळे त्याला आत राखण्याचे, म्हणजेच कुंपण घालण्याचे, कर्तव्य कायद्याने कोणावरच टाकलेले नाही. जे कर्तव्य कोणाचेच नाही, त्याचा खर्च अखेर ज्याचे नुकसान होते त्याच्यावर येऊन पडतो.

शासनाने या अन्यायाची दखल घेतलेली नाही असे नाही. महाराष्ट्रात वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकहानीबद्दल पंचनाम्यानंतर वनविभागामार्फत अर्थसाहाय्य देण्याची पद्धत आहे. तथापि अर्थसाहाय्य नुकसानीनंतर मिळते आणि कुंपण नुकसानीपूर्वी हवे असते. शिवाय रात्री आलेल्या कळपाने केलेली हानी अर्ज, पाहणी व मोजणी यांतून सिद्ध करणे लहान शेतकऱ्यास जड जाते.

५. मारण्याची परवानगी आणि तिच्या मर्यादा

पीकरक्षणासाठी प्राणी मारता येतो की नाही, याविषयी खेड्यापाड्यांत बराच गोंधळ आढळतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकरक्षणार्थ ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे, म्हणून अशा बंदुकीने रोही मारणे कायदेशीर आहे, असा समज रूढ झाला. तो चुकीचा आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा आणि प्राणी मारण्याची परवानगी वेगळी.

वन्यजीव अधिनियमाच्या ११ व्या कलमात दोन भिन्न कसोट्या आहेत. अनुसूची १ मधील प्राणी मनुष्यजीवनास धोकादायक झाला असेल किंवा सुधारण्यापलीकडे जखमी वा रोगग्रस्त असेल तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याच्या शिकारीस परवानगी देऊ शकतात. पिकाचे नुकसान हे तेथे कारण होऊ शकत नाही. काळवीट व चिंकारा या अनुसूचीत आहेत. रोही व रानडुक्कर पूर्वी अनुसूची ३ मध्ये होते. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, अनुसूचींची संख्या ६ वरून ४ झाली व हे दोन्ही प्राणी अनुसूची २ मध्ये आले. त्यांच्या बाबतीत उभ्या पिकासह मालमत्तेस होणारा धोका हे परवानगीचे कारण होऊ शकते. मात्र ती अधिकाऱ्याच्या कारणांसहित लेखी आदेशानेच मिळते. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणार्थ सद्भावनेने प्राणी मारला गेल्यास तो अपराध होत नाही, परंतु ही मुभा जिवापुरती आहे, पिकापुरती नाही. ६२ व्या कलमाखाली केंद्रशासन विशिष्ट क्षेत्रात, विशिष्ट काळासाठी एखादा प्राणी उपद्रवी म्हणून घोषित करू शकते. २०१५ च्या अखेरीस बिहारमधील काही जिल्ह्यांत नीलगाय व रानडुक्कर यांच्याबाबत तसे झाले होते.

अधिनियमाच्या सर्वसाधारण भंगास ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि अनुसूची १ मधील प्राण्याबाबत किमान ३ व कमाल ७ वर्षे कारावास व किमान २५ हजार रुपये दंड, अशी शिक्षा आहे. रात्रीच्या अंधारात फास लावणाऱ्यास त्यात रोही सापडेल की काळवीट हे ठरविता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या दोहोंत फार मोठे अंतर आहे.

६. कुंपणाचे प्रकार आणि त्यांची कायदेशीर बाजू

मारणे निषिद्ध आणि पकडणे निषिद्ध असल्यावर शेतकऱ्याच्या हाती अडविणे एवढाच उपाय उरतो. स्वतःच्या जमिनीला कुंपण घालण्याचा त्याचा हक्क निर्विवाद आहे. तथापि कुंपण कसले, यावर त्याची कायदेशीर स्थिती ठरते.

खानदेशातील पारंपरिक कुंपण बाभूळ व बोरीच्या फांद्यांचे, अथवा निवडुंग, शेर व घायपात यांच्या जिवंत वईचे. गुरांसाठी ते पुरेसे होते. हरणासाठी ते अपुरे पडते, कारण प्रत्येक प्राणी कुंपणाचा पराभव वेगळ्या रीतीने करतो. चितळ व सांबर उडी मारतात. रोही उडीही मारते आणि अंगाच्या भाराने ढिल्या ताराही सारते. चिंकारा खालच्या फटीतून निसटतो. रानडुक्कर जमीन उकरून खालून शिरते. म्हणून हरणांसाठी उंची सुमारे २ मीटर लागते, आणि डुकरासाठी जाळीचा खालचा भाग बारीक विणीचा असून तो जमिनीत पुरावा लागतो. काटेरी तारेच्या तीन-चार ओळी या दोन्ही कसोट्यांना उतरत नाहीत. उलट त्यांत अडकून प्राणी जखमी होतो आणि शेतकऱ्याच्या मागे चौकशी लागते.

विजेच्या कुंपणाविषयी विशेष स्पष्टता अवश्य आहे, कारण येथे दोन अगदी भिन्न वस्तू एकाच नावाने ओळखल्या जातात. पहिली म्हणजे शेतकरी ज्यास ‘झटका मशीन’ म्हणतात ती. तीत सौरपट्टीने भारलेल्या बॅटरीतून एक यंत्र तारेत क्षणिक स्पंद सोडते. दाब काही हजार व्होल्ट असला तरी स्पंदाचा काळ अत्यल्प असतो. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या मानकानुसार स्पंद सेकंदास एकाहून अधिक नसावा, त्याचा काळ एका सेकंदाच्या शंभराव्या भागाहून जास्त नसावा आणि प्रमाणित भारात त्याची ऊर्जा ५ ज्यूलपेक्षा अधिक नसावी. भारतीय मानक संस्थेच्या आयएस ३०२ मालिकेतही अशा यंत्रांसाठी स्वतंत्र भाग आहे. दोन स्पंदांमध्ये प्राण्याला मागे सरण्यास अवकाश मिळतो. त्याला वेदना होते, इजा होत नाही, आणि तो ती जागा टाळू लागतो.

दुसरी वस्तू म्हणजे घरगुती वा कृषिपंपाच्या वाहिनीवरून थेट तारेत सोडलेला २३० व्होल्टचा प्रवाह. हा प्रवाह अखंड असल्याने स्नायू आखडतात, तार हातातून सुटत नाही आणि मृत्यू ओढवतो. रोह्यासाठी घातलेल्या अशा तारेला शेजारचा शेतकरी, रात्री पाणी भरावयास निघालेला सालदार किंवा स्वतः तार लावणाऱ्याच्या घरचे माणूस बळी पडू शकते. येथे एकाच कृत्याने अनेक अपराध घडतात : आकडा टाकून वीज घेतली असल्यास २००३ च्या वीज अधिनियमाच्या १३५ व्या कलमाखाली वीजचोरी, प्राणी मेल्यास वन्यजीव अधिनियमाखाली शिकार, आणि मनुष्य मेल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेखाली, परिस्थितीनुसार, हयगयीने मृत्यू घडविणे किंवा सदोष मनुष्यवध. ‘पीक राखण्यासाठी लावली होती’ हे उत्तर या तिन्हींपैकी कोठेही बचाव ठरत नाही.

सौरकुंपण सुरक्षित असले तरी ते लावून विसरण्याजोगे साधन नव्हे. झटक्याचे मंडल जमिनीतून पुरे होत असल्याने भूयोजन चांगले असावे लागते. खानदेशाची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळून कोरडी पडते व विद्युत्वहन मंदावते. अशा वेळी भूसळईभोवती पाणी घालून ओल ठेवावी लागते. पावसाळ्यात याच्या उलट, वाढलेले गवत व वेल तारेला टेकून झटका जमिनीत निघून जातो, म्हणून तारेखालची पट्टी साफ राखावी लागते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली सुरू केलेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौरकुंपणाच्या अर्थसाहाय्याचा अंतर्भाव आहे. ही योजना प्रारंभी व्याघ्रप्रकल्पांच्या परिसरातील गावांसाठी होती.

कुंपण घालताना शेजाऱ्याच्या हक्काचाही विचार करावा लागतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाखाली बांधावरून वहिवाटीचा रस्ता देण्याचा अधिकार तहसीलदारास आहे, आणि १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या ५ व्या कलमाखाली वहिवाटीच्या रस्त्यास किंवा पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहास केलेला अडथळा दूर करविता येतो. म्हणून पूर्वापार गाडीवाट व नाला मोकळे ठेवूनच कुंपणाची आखणी करावी. वनजमिनीत, मग ती बांधाला लागून का असेना, खाजगी कुंपणाचा एकही खांब रोवता येत नाही.

७. सामुदायिक कुंपणाचा विचार

कुंपणाच्या खर्चाचे गणित भूमितीचे आहे. १ हेक्टरच्या चौरस शेताचा परिघ ४०० मीटर होतो. २५ हेक्टरच्या चौरस चकाचा परिघ २,००० मीटर, म्हणजे हेक्टरी ८० मीटर. आणि १०० हेक्टरांच्या चकाचा परिघ ४,००० मीटर, म्हणजे हेक्टरी केवळ ४० मीटर. क्षेत्र शंभरपट झाले असता कुंपणाची हेक्टरी लांबी एक-दशांश होते. ज्या लहान शेतकऱ्यास एकट्याने २ मीटर उंचीची जाळी परवडत नाही, त्यास शिवाराच्या समाईक कुंपणातील वाटा परवडू शकतो. एकेकट्या कुंपणाचा आणखी एक दोष यामुळे टळतो : एका शेतातून परतवलेला कळप शेजारच्या उघड्या शेतात जातो, आणि संकट नाहीसे न होता केवळ धनी बदलते.

अशा सहकार्याची कल्पना खानदेशास परकी नाही. पांझरा व तिच्यासारख्या नद्यांवरील फड पद्धतीत शेकडो वर्षे शेतकरी बंधाऱ्याचे पाणी समाईकपणे वापरीत आले. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, पाणी पाटकऱ्याने द्यावयाचे आणि देखरेख व राखण हवालदार व जागल्या यांनी करावयाची, अशी ती रचना होती. पिकाच्या राखणीचा खर्च प्रत्येकाच्या जमिनीच्या प्रमाणात विभागला जाई. धुळे जिल्ह्यातील फडांनी पाण्याच्या बाबतीत जे साधले, तेच तत्त्व कुंपणाच्या बाबतीत योजता येण्याजोगे आहे : वर्गणी जमिनीच्या प्रमाणात, तारेखालची सफाई पाळीने आणि यंत्राची देखभाल नेमलेल्या माणसाकडे.

मात्र सामुदायिक कुंपणासही एक मर्यादा पाळावी लागेल. सातपुड्याच्या पायथ्याचे नाले हे वन्यप्राण्यांचे पाण्यापर्यंतचे व एका वनखंडातून दुसऱ्यात जाण्याचे मार्ग आहेत. संपूर्ण शिवार एका अखंड जाळीने वेढल्यास ते मार्ग तुटतील आणि कळप गावठाणाकडे वा महामार्गाकडे वळतील. चक वेढावे, नाला वेढू नये, हा नियम प्राण्यांच्या इतकाच शेतकऱ्याच्याही हिताचा आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, इंग्लंड व न्यूझीलंड यांसारख्या देशांत मृगकुंपणाचा कायदा हरीण पाळणाऱ्यास उद्देशून आहे. भारतात हरीण पाळणारा कायद्याला मान्य नाही, म्हणून तो कायदा प्राणिसंग्रहालयाच्या भिंतीपुरता उरला. हरणास खाजगी मालमत्ता होऊ न देण्याचे हे धोरण वन्यजीवांच्या रक्षणाच्या दृष्टीने समर्थनीय आहे. त्यामुळे शिकारीस ‘पाळीव’ मांसाचे निमित्त मिळत नाही. परंतु या सार्वजनिक धोरणाचा खर्च आज वनसीमेवरच्या शेतकऱ्यावर सर्वांत अधिक पडतो, आणि त्या खर्चाला कायद्यात कर्तव्य म्हणूनही नाव नाही, हक्क म्हणूनही नाही. हरीण साऱ्या समाजाचे असेल, तर त्याला अडविणारे निर्धोक कुंपणही काही अंशी समाजाच्या खर्चाने उभे राहावे, हे त्याच तत्त्वातून निघणारे दुसरे अनुमान होय. ते मान्य होऊन अमलात येईपर्यंत शेतकऱ्यापुढे कायद्याने मोकळा असलेला मार्ग एकच आहे : वाहिनीच्या विजेची तार टाळणे, मानकानुसारचे सौरकुंपण वा पुरेशा उंचीची जाळी वापरणे आणि ते शक्य तेथे शेजाऱ्यांसह मिळून घालणे.